मोटारीतील पेट्रोलचा काटा : त्याची रचना, त्याचे दोष व दुरुस्ती

पदार्थविज्ञानाच्या तासाला ओहमचा नियम फळ्यावर लिहिला जात असता तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात एक प्रश्न डोकावत असतो. ह्या सूत्राचा उत्तरपत्रिकेबाहेर कोठे उपयोग होतो काय, असा तो प्रश्न. आर्किमिडीजच्या सिद्धांताची कथाही तशीच. स्नानगृहातून धावत सुटलेला तो पंडित सर्वांस आठवतो. त्याचा सिद्धांत मात्र वार्षिक परीक्षेनंतर फारसा कोणास आठवत नाही. म्हणून ह्या लेखात ज्या एका वस्तूत हे दोन्ही नियम रात्रंदिवस शेजारी शेजारी राबत असतात, अशी वस्तू आम्ही विचारार्थ घेतली आहे. ती म्हणजे मोटारीच्या डॅशबोर्डावरील पेट्रोलचा काटा. नव्या गाड्यांत त्याची जागा आकड्यांनी व दिव्यांनी घेतली आहे व हिशेब इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते; परंतु जुन्या गाडीत सर्व व्यवहार उघडा असतो. झाकण काढले की कारण आणि कार्य दोन्ही डोळ्यांस दिसतात, आणि शिकणाऱ्यास तेच हवे असते.

प्रारंभीच्या मोटारींस असा काटा नसे. फोर्ड कंपनीची १९०८ ते १९२७ पर्यंत निघालेली प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडी घ्या. तिची टाकी आसनाखाली असे आणि पेट्रोल किती आहे हे पाहण्यास आसन उचलून टाकीत लाकडी पट्टी बुडवावी लागे. त्या गाडीत पेट्रोल केवळ उतारामुळे इंजिनाकडे वाहत जाई. त्यामुळे टाकी भरत आलेली नसता तीव्र चढ लागला की इंजिन टाकीहून उंच जाई व पेट्रोल बंद पडे. तेव्हा हिकमती चालक गाडी उलट वळवून मागच्या गियरात, पाठमोरी, चढ चढवीत! पुढील 'मॉडेल ए' गाडीत टाकी चालकाच्या समोरच आणली गेली व तरंगणाऱ्या बुचाला जोडलेला दर्शक थेट डॅशबोर्डातूनच दिसू लागला. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलला तर १९६० च्या सुमारापर्यंत काटा नव्हता. पेट्रोल संपत आले की पायाने एक तोटी फिरवून राखीव साठा उघडावयाचा. आमच्या मावळच्या शेजारी, आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून निघू लागलेल्या चेतक स्कूटरवरही पुष्कळ वर्षे हाच तोटीचा कारभार होता. तोटी 'रिझर्व्ह'वर नेऊनही स्कूटर चालू न झाल्यास तिला आडवी कलती करून पुन्हा किक मारणारे आजोबा तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी असतील.

टाकी गाडीच्या मागे गेली आणि चालक पुढे राहिला, तेव्हा मागची बातमी पुढे पोहोचविण्याचा प्रश्न उत्पन्न झाला. ह्या बातमीचे महत्त्व सपाटीवर राहणाऱ्यास तितकेसे वाटणार नाही. घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्या आम्हां लोणावळेकरांस ते सांगावे लागत नाही. खोपोली समुद्रसपाटीपासून ६० मीटरांच्या आसपास व लोणावळे सुमारे ६२० मीटर उंचीवर. म्हणजे जवळजवळ ५५० मीटरांची चढण, आणि तीही थोडक्या अंतरात. सर जॉन माल्कमच्या कारकीर्दीत १८३० साली येथे गाडीरस्ता झाला, १८६३ साली लोहमार्ग झाला, २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. परंतु उंची तीच राहिली. ती चढण्यास किती पेट्रोल लागते हे तुम्हांसच काढता येईल. माणसांसह ९०० किलोग्रॅम वजनाची लहान गाडी ५५० मीटर वर नेण्यास ९०० × ९.८ × ५५०, म्हणजे सुमारे ४८॥ लाख जूल कार्य करावे लागते. एक लिटर पेट्रोलात सुमारे ३२० लाख जूल उष्णता असते. पैकी जुने इंजिन शेकडा २० भाग कामी लावील असे धरल्यास हाती येतात ६४ लाख. तेव्हा केवळ वर चढण्यासाठी, रस्त्याचे घर्षण व वाऱ्याचा अडथळा सोडून, पाऊण लिटर पेट्रोल वेगळे बाजूस ठेवले पाहिजे. ज्याच्या टाकीत तेवढेच उरले आहे आणि ज्याचा काटा 'अर्धी टाकी' म्हणतो आहे, त्याची घाटात काय स्थिती होईल ह्याचा विचार करा.

आता रचना पाहू. टाकीच्या माथ्यावर एक वाटोळी तबकडी पाच-सहा स्क्रूंनी बसविलेली असते. तिच्या खाली टाकीत एक लहान पेटी, पेटीतून निघालेली तारेची भुजा आणि भुजेच्या टोकाला तरंगणारा फ्लोट असतो. हा फ्लोट फार जुन्या गाड्यांत बुचाचा, नंतर पोकळ पितळेचा, व पुढे प्लास्टिकचा होऊ लागला. पेट्रोल वाढले की फ्लोट वर, घटले की खाली, आणि त्याबरोबर भुजा फिरते. भुजेच्या दुसऱ्या टोकाला पितळेची एक जीभ असते; ती पेटीतील एका पट्टीवर गुंडाळलेल्या बारीक तारेवरून सरकते. आपल्या प्रयोगशाळेत सरकत्या पकडीचा जो रिओस्टॅट आहे, तोच येथे बोटभर लांबीचा करून पेट्रोलात बसविला आहे असे समजावे. पकड हाताने सरकविण्याऐवजी फ्लोट सरकवितो, एवढाच भेद. तारेच्या वेटोळ्याचे एक टोक बाहेरच्या खिळीला जोडलेले असते व तेथून एकच वायर डॅशबोर्डाकडे जाते. परतीची वायर नाही. परतीचा मार्ग गाडीचा लोखंडी सांगाडा. ह्यासच कारागीर 'अर्थिंग' म्हणतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे हिच्यावरच सर्व प्रकरण फिरणार आहे.

वरच्या बाजूस, म्हणजे डॅशबोर्डावर, काट्याचे दोन मुख्य प्रकार आढळतात. पहिला चुंबकी. ह्यात एकमेकांशी कोन करून ठेवलेली दोन वेटोळी असतात व त्यांच्यामध्ये काट्याच्या आसावर लोखंडाचा एक लहान तुकडा असतो. बॅटरीचा प्रवाह पहिल्या वेटोळ्यातून जातो व पुढे त्याला दोन वाटा फुटतात : एक दुसऱ्या वेटोळ्यातून, दुसरी टाकीतल्या रोधातून. टाकी रिकामी असता तेथील रोध जवळजवळ शून्य असतो. मग बहुतेक प्रवाह त्या सोप्या वाटेने निघून जातो, दुसरे वेटोळे दुबळे राहते आणि पहिले वेटोळे काट्यास रिकाम्या बाजूकडे ओढते. टाकी भरली की रोध वाढतो, प्रवाह नाइलाजाने दुसऱ्या वेटोळ्यातून जातो व काटा भरल्या बाजूकडे झुकतो. बॅटरीचा दाब कमीअधिक झाला तरी दोन्ही वेटोळ्यांवर त्याचा सारखाच परिणाम होतो, म्हणून काटा ढळत नाही. ही युक्ती आम्हांस फार सुंदर वाटते.

दुसरा प्रकार उष्णतेवर चालणारा. दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या एकत्र जोडल्या व तापविल्या तर त्या सारख्या प्रसरण पावत नाहीत, म्हणून जोडपट्टी वाकते, हे तुम्ही आठवीत पाहिले आहे. अशा पट्टीभोवती तापणारी तार गुंडाळलेली असते. प्रवाह अधिक तर वाक अधिक, आणि काटा पुढे. येथे टाकीतील व्यवस्था उलटी असते : रिकामी असता रोध मोठा, भरली असता लहान. ह्या काट्यास बॅटरीच्या दाबातील चढउतार बाधतो, म्हणून दाब सुमारे १० व्होल्टांवर राखणारी एक डबी मध्ये बसवितात. ब्रिटिश गाड्यांत १९६४ च्या सुमारास हा दुसरा प्रकार पहिल्याची जागा घेऊ लागला. तेव्हा एकाच नावाच्या, दिसण्यात सारख्या अशा दोन गाड्यांत काट्याचा स्वभाव परस्परविरुद्ध असू शकतो. ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे. किल्ली फिरवताच काटा झटकन जागेवर गेला तर तो चुंबकी. हळूहळू, आळोखेपिळोखे देत वर चढला तर तो उष्णतेचा.

एवढे सांगून झाल्यावर आमच्या परिचयातील एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. लोणावळ्यातील एक वृद्ध गृहस्थ १९५० नंतरच्या दशकात बनलेली मॉरिस मायनर गाडी आजही वापरतात. अ‍ॅलेक इसिगोनिस ह्या अभियंत्याने आखलेली ही गाडी १९४८ ते १९७१ पर्यंत विलायतेत बनत होती व सर्व मिळून सोळा लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या. आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. मग हाती असलेली गाडी जपणे हा छंद न राहता गरजच झाली आणि तिच्यापायी गावोगाव उत्तम मिस्त्री तयार झाले. ह्या गृहस्थांच्या पत्नीच्या डोळ्यांवर खाली, घाटापलीकडे, उपचार चालू होते. आषाढातल्या एका संध्याकाळी परत येताना, काटा अर्ध्याच्या किंचित वर असता, शिंग्रोबाच्या देवळाच्या पुढे चढावर गाडी दोन आचके देऊन उभी राहिली. पाऊस, धुके, मागून येणारे ट्रक, आणि आत डोळ्यांस पट्टी बांधलेली बाई. एका ट्रकवाल्याने वेळीच दिवे पाहिले म्हणून निभावले. टाकीत पट्टी घालून पाहता पट्टी कोरडीच निघाली. एका दुरुस्तीगृहात गाडी दाखविली असता, 'ह्याचे भाग मिळत नाहीत, गाडी भंगारात काढा,' असे उत्तर मिळाले. आजोबा आमच्याकडे आले ते सल्ला विचारण्यास नव्हे, तर शाळेत कोणास ती गाडी नमुना म्हणून हवी आहे काय, हे विचारण्यास.

आम्ही विज्ञानमंडळाची पाच मुले, शाळेचा मल्टिमीटर व रोधपेटी घेतली आणि गावातल्या एका वयस्क मिस्त्रींना बोलावणे पाठविले. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. टाकी उघडण्याचे काम मुलांचे नव्हे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते. ती जमिनीलगत पसरते व दूरवर जाते. शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही पेट्रोलची पेट घेण्याजोगी वाफ होते, आणि हवेत ह्या वाफेचे प्रमाण शेकडा दीड ते साडेसात ह्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते. म्हणूनच भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक भयंकर. आमची मुले दहा पावलांवर, वाऱ्याच्या वरच्या अंगास उभी होती. मीटरवरचे आकडे लिहून घेणे हे त्यांचे काम.

पहिली परीक्षा काट्याची. किल्ली बंद ठेवून टाकीवरच्या खिळीची वायर काढली व टोक कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवले. मग किल्ली फिरविली. काटा झटकन पुरा भरल्या खुणेपलीकडे गेला. किल्ली बंद करून तीच वायर, टाकीपासून दूर, सांगाड्याच्या खरवडून स्वच्छ केलेल्या जागी चिमट्याने जोडली. पुन्हा किल्ली फिरविली. काटा रिकाम्या खुणेवर पडला. पुष्कळ कारागीर ही परीक्षा किल्ली चालू ठेवून, वायरचे टोक टाकीजवळ लोखंडाला घासून करतात. ते अत्यंत अयोग्य आहे, कारण ठिणगी नेमकी जेथे पडू नये तेथे पडते. जोडणी आधी, किल्ली मागाहून, हा क्रम कधीही मोडू नये. काटा उष्णतेच्या जातीचा असता तर फळे उलटी आली असती : वायर काढता रिकामा, जोडता भरलेला. त्या जातीत वायर सरळ सांगाड्यास न जोडता मध्ये तीसेक ओहमांचा रोध घालावा, नाहीतर आतली नाजूक तार अतितप्त होऊन जाते.

ह्यानंतर आम्ही वायरच्या टोकाला रोधपेटी लावली. १० ओहम, २०, ३०, असे वाढवीत गेलो आणि काटा प्रत्येक पायरीस शहाण्या मुलासारखा पुढे सरकला. सुमारे ७० ओहमांस तो पुऱ्या टाकीच्या खुणेवर आला. म्हणजे काटा निर्दोष, वायरही निर्दोष. मिस्त्री हसून म्हणाले, "सर, पुढचा बिचारा जे ऐकतो तेच बोलतो. खोटी साक्ष मागून येते आहे."

मग मागची साक्ष तपासली. टाकीत त्या वेळी जेमतेम दोन-तीन लिटर पेट्रोल होते. मीटरचे एक टोक खिळीला व दुसरे तबकडीच्या स्वतःच्या अंगाला लावले तेव्हा ६ ओहम आले. रिकाम्यासारख्या टाकीस हे शोभेसेच होते. दुसरे टोक तबकडीवरून उचलून गाडीच्या सांगाड्याला लावले, तो आकडा ४१! मुले मीटरकडे व एकमेकांकडे पाहू लागली. तबकडीपासून सांगाड्यापर्यंतच्या चार बोटांच्या अंतरात ३५ ओहम आले कोठून? फ्लोट सांगत होता ६, वाटेत कोणी तरी त्यात ३५ मिळवीत होते, आणि काटा ४१ ऐकून 'अर्धी टाकी' म्हणत होता.

हे मिळविणारे कोण, ते मिस्त्रींनी स्क्रू काढून दाखविले. तबकडीखाली बुचाचे पॅकिंग असते; ते वीज वाहत नाही. त्यामुळे तबकडीचा टाकीशी जो काही विद्युत्संबंध, तो केवळ स्क्रूंच्या द्वारे. स्क्रूंवर तपकिरी गंज. टाकी सांगाड्यास जेथे बोल्टांनी जखडली होती तेथे कोणी तरी पूर्वी रंगाचा जाड थर दिलेला, आणि त्या थराखालीही गंज. लोखंडाचा गंज म्हणजे लोखंड, प्राणवायू व पाणी ह्यांचे संयुग. वीज वाहून नेण्यास ते अत्यंत नालायक. लोणावळ्यास वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, चार महिने भिंतींस ओल व पुस्तकांस बुरशी येते. तेथे गाडीच्या पोटातील सांधे कोरडे कसे राहतील? येथून पूर्वेस कामशेत, वडगाव, तळेगाव असे जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होत जातो, आणि मिस्त्रींच्या अनुभवाप्रमाणे असल्या तक्रारीही कमी होत जातात.

येथे थोडे थांबून एक गोष्ट विचारात घ्या, कारण ती आम्हांस ह्या सर्व पाठाचा गाभा वाटते. गंज एकच, परंतु त्याने बोलविलेले असत्य काट्याच्या जातीवर अवलंबून असते. चुंबकी जातीत वाढीव रोध म्हणजे 'अधिक पेट्रोल'. म्हणून गंजाने काटा फुशारकी मारतो आणि चालक घाटात फसतो. उष्णतेच्या जातीत वाढीव रोध म्हणजे 'कमी पेट्रोल'. समजा, काट्याचा रोध ६५ ओहम, भरल्या टाकीचा ३० व दाब १० व्होल्ट. तर प्रवाह १० ÷ ९५, म्हणजे सुमारे ०.१०५ अँपियर. वाटेत गंजाचे ३५ ओहम आले की १० ÷ १३०, सुमारे ०.०७७ अँपियर. भरली टाकी असूनही काटा बराच खाली राहील व चालक विनाकारण पंप शोधील. हाही दोषच, परंतु ह्यात जीव जात नाही. दोष एक असता एक काटा उधळ्या व दुसरा चिक्कू का होतो, हे ज्यास सूत्रावरून सांगता आले त्यास ओहमचा नियम समजला, असे आम्ही धरतो. १८२७ साली तो कोणी प्रसिद्ध केला हे त्यास आठवले नाही तरी चालेल.

ह्या दोषावर उपाय दोन रुपयांचा. स्क्रू व त्यांची भोके साफ केली, आणि एका स्क्रूखाली तांब्याच्या वायरचे चपटे टोक दाबून तिचे दुसरे टोक सांगाड्याच्या खरवडलेल्या भागी बोल्टाखाली घट्ट आवळले. वर ग्रीसचा हात फिरविला. मीटर पुन्हा लावला तेव्हा दोन्ही ठिकाणी ६. किल्ली फिरविताच काटा रिकाम्या खुणेच्या अंमळ वर येऊन थांबला. "गाडी भंगारात काढायची होती ना, आजोबा?" असे आमच्यातल्या एका मुलाने विचारले. आजोबांनी उत्तर दिले नाही. ते काट्याकडेच पाहत राहिले.

परंतु काम पुरे झाले नव्हते. थोडे थोडे पेट्रोल घालून पाहता पाव ते अर्ध्या टाकीच्या दरम्यान काटा मध्येच उसळी घेई व परत येई. ह्याचे कारण बाहेरून दुरुस्त होण्याजोगे नसते. बॅटरीची वायर सोडून, पेट्रोल झाकणाच्या लोखंडी डब्यात काढून, मोकळ्या हवेत मिस्त्रींनी तबकडी अलगद वर घेतली. भुजा तिरकी करीतच ती भोकातून काढावी लागते. ओढाताण केल्यास वाकते, आणि वाकलेली भुजा म्हणजे कायमचा खोटा काटा. पेटीचे झाकण उघडल्यावर दिसले की, जीभ वर्षानुवर्षे घासून वेटोळ्याच्या मधल्या भागातील तारा झिजल्या होत्या व दोन फेरे तुटण्याच्या बेतात होते. असे का, हे एका मुलीने बरोबर सांगितले : बहुतेक लोक टाकी कधी काठोकाठ भरीत नाहीत व कधी कोरडी करीत नाहीत; म्हणून जिभेचे सारे आयुष्य त्या मधल्याच टप्प्यात जाते.

मिस्त्रींनी जीभ अगदी केसभर एका बाजूस वाकविली, म्हणजे ती तारेच्या न झिजलेल्या पट्ट्यावरून फिरू लागली. काचकागद त्यांनी जवळही येऊ दिला नाही. त्याने ही बारीक तार पाहता पाहता कापली जाते. मऊ फडके व साफ करण्याचा द्रव एवढ्यावर काम भागविले. नंतर भुजा हळूहळू फिरवीत मीटर पाहिला. आकडे ५ पासून ७० पर्यंत एकसारखे, उडी न घेता, चढत गेले. तार पुष्कळच झिजलेली असती तर नवे वेटोळे गुंडाळावे लागले असते. ते कौशल्याचे काम आहे, आणि आमच्या मते तेथे नवा भाग मिळत असल्यास तोच घ्यावा.

ह्या गाडीचा फ्लोट चांगला होता. तथापि फ्लोटचा रोग इतका साधारण आहे की त्याविषयी लिहिलेच पाहिजे. समजा, पितळी फ्लोटचे घनफळ ४० घन सेंटिमीटर व वजन १८ ग्रॅम आहे. पेट्रोलची घनता ०.७४ धरल्यास तो १८ ÷ ०.७४, म्हणजे सुमारे २४.३ घन सेंटिमीटर बुडून तरंगेल. त्यास सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले व पेट्रोल आत शिरू लागले, तर तो केव्हा बुडेल? एकंदर वजन ४० × ०.७४ म्हणजे २९.६ ग्रॅम झाले की. म्हणजे ११.६ ग्रॅम, सुमारे १५.७ घन सेंटिमीटर पेट्रोल आत जाताच तो तळ गाठतो. अर्धा भरण्याचीही वाट पाहत नाही. पुष्कळ विद्यार्थी 'पूर्ण भरल्यावर बुडेल' असे लिहितात. मग टाकी काठोकाठ भरली तरी काटा रिकामाच. फ्लोट कानाशी हलविला असता आत खळखळ ऐकू येते, आणि तो गरम पाण्यात धरला असता छिद्रातून बुडबुडे निघतात. त्यास डाग द्यावयाचा तो आतील पेट्रोलचा शेवटचा थेंब व वाफ निघून गेल्यावरच. वाफ कोंडलेल्या फ्लोटला तापलेला खड्या लावणे म्हणजे हातात फटाका धरणे होय. डागही हलका असावा. दोन ग्रॅम शिसे-कथील जास्त चढले तरी फ्लोट २.७ घन सेंटिमीटर अधिक बुडतो व काटा तेवढा खाली वाचतो.

अलीकडे ह्यात आणखी एक गोष्ट मिसळली आहे. २०२५ सालापर्यंत आपल्या देशात पंपावरील पेट्रोलमध्ये शेकडा २० इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळण्याची मजल गाठली गेली. फार जुन्या गाड्यांतील बुचाच्या फ्लोटांस पेट्रोल शोषू नये म्हणून चपडा लाखेचा लेप देत असत. सुताराचे पॉलिश कशात विरघळवितात हे ज्यास ठाऊक आहे त्यास पुढचे सांगणे नको. लेप मद्यार्कात विरघळतो, बूच पेट्रोल पिऊन जड होते व खाली बसते. शिवाय मद्यार्क हवेतील पाणी ओढून घेतो. पावसाळ्यात चार महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीच्या तळाशी ते पाणी साठते व टाकी आतून गंजते. म्हणून जुन्या गाडीचे पॅकिंग व रबरी नळ्या बदलताना मद्यार्कास टिकणाऱ्याच घ्याव्यात. तबकडी परत बसविताना आजोबांच्या गाडीसही आम्ही तसलेच पॅकिंग आणविले, आणि स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करीत आवळले, म्हणजे तबकडी तिरकी बसून पेट्रोल झिरपत नाही.

शेवटी काट्याची वाचने घेतली. टाकी पाच गॅलनांची, म्हणजे सुमारे २२॥ लिटरांची. सपाट जागी गाडी उभी करून रिकाम्या टाकीत दोन दोन लिटर घालीत गेलो व प्रत्येक वेळी काट्याची जागा वहीत मांडली. पहिल्या दोन लिटरांस काटा हललाच नाही. फ्लोट अजून तळाच्या आधारावरच टेकलेला होता. चार लिटरांस तो रिकाम्या खुणेवरून उठला, दहा लिटरांस अर्ध्याच्या थोडा खाली आला, सोळास पाऊण व विसास पुरा. आलेख काढला असता रेषा सरळ न येता मध्ये वाकली, कारण टाकीच्या बाजू सरळ उभ्या नसतात व भुजा वर्तुळाकार फिरते. हा आलेख आजोबांनी मागून घेतला व डॅशबोर्डाच्या कप्प्यात ठेवला.

मुलांनी विचारलेली एक शंका मात्र येथे नोंदवावयाची राहिली : चढावर काटा निराळा का दाखवितो? रस्ता १५ फुटांस एक फूट चढत असेल आणि टाकी पुढून मागे ६० सेंटिमीटर लांब असेल, तर पेट्रोल मागे सरकून मागच्या कडेस पुढच्यापेक्षा ४ सेंटिमीटर उंच उभे राहते. फ्लोट टाकीच्या बरोबर मध्यावर असला तर त्यास फरक पडत नाही. मागच्या कडेशी असला तर तो २ सेंटिमीटर वर जातो, आणि २० सेंटिमीटर खोल टाकीत हा एकदशांश भाग झाला. उतरताना तेवढाच उणा. म्हणून घाट चढावयाचा असल्यास काटा खोपोलीच्या सपाटीवरच पाहून घ्यावा, आणि आजोबांच्या गाडीत तो चार लिटरांच्या खुणेखाली असेल तर तेथेच पंपावर थांबावे.